डाव्या अंगाची फळी

(मुलांनो, डोळ्यांपुढे आणा बरं: साल एकोणीसशे अठ्ठावन्न. कौंडण्यपूरजवळ वर्धा नदीचा संथ डोह. लहानशा नावेत दोघंच. वल्हं मारणारे किसनराव आणि त्यांची दहा वर्षांची नात शकुन. तिच्या हातात दोरी, दोरीला पाण्यात एक लाकडी फळी, आणि फळीवरच्या बांबूच्या चिमट्यात अडकवलेला गळाचा दोरा.)

किसनराव : झोपली पाह्य तुही फळी. आडवी पडली पान्यावर.

शकुन : काहून पन? चांगली तासली होती मी.

किसनराव : उभी राहाले पायात वजन लागते. खालच्या काठाले काय ठोकलं?

शकुन : बैलाची जुनी नाल. एकच.

किसनराव : अजून एक ठोक. पेटीत हाय. हळू, बोट सांभाळ.

शकुन : ठोकली. आता पाहा, उभी राहिली.

किसनराव : हां. आता मले सांग, एवढा खटाटोप काहून? नावेतूनच गळ टाकला असता.

शकुन : मरळ काठच्या लव्हाळ्यात बसते. नाव जवळ नेली तं पळते. मनून नाव मधातून चालवाची, अन् फळी गळाले काठापाशी नेते. मासा लागला का चिमटा सुटते, अन् गळाचा दोरा आपल्या हाती राहते.

किसनराव : शाबास. पतंगाले वारा वर नेते, फळीले पानी बाजूले नेते. सोड दोरी.

शकुन : आबाजी, हे तं नावेकडेच येऊन राहिली.

किसनराव : दिसते मले.

शकुन : हसू नका. आज नाई जमलं तं उद्यापासून नावेत माहा भाऊ चंद्रभान बसन. आजीनं सांगून ठेवलं. मी घरी मिरच्या खुडाच्या.

किसनराव : तुह्या आजीपुढे मी बी बोलत नाई, बाई.

शकुन : मंग शिकवा ना.

किसनराव : शेजारच्या शेषरावचा डावा बैल उजवीकडे जुंपला तं काय करते?

शकुन : जोडीदाराच्या अंगावर येते. लाथा बी मारते. ...आबाजी, माही फळी डाव्या अंगाची झाली.

किसनराव : झाली. तोंडाचा उतार उलट्या बाजूले तासला तू. अन् काठ हाय उजव्या हाताले.

शकुन : फळी उलटी करू?

किसनराव : कर. काय होईन?

शकुन : लोखंड वर येईन. पुन्हा झोपन ते.

किसनराव : मंग नवी तासा लागन. चाल घरी, ऊन चढलं.

शकुन : थांबा जरा. काठ आता उजव्या हाताले हाय. आपन तोंड फिरवून माघारी निघालो तं?

किसनराव : तं काय?

शकुन : तोच काठ डाव्या हाताले येईन. फळी राहू द्या तशीच, आबाजी. नाव फिरवा.

किसनराव : चाळीस वर्सं झाली मले वल्हं मारता मारता. सुचलं नाई पाह्य. धर घट्ट.

शकुन : चालली, आबाजी. लव्हाळ्याकडे चालली. हात ओढून राहिली माहा.

किसनराव : जास्त सोडू नको, लव्हाळ्यात गुतन. दोन हात आखूड घे. हां, तिथंच. आता चंद्रभानले सांगतो, तू आपला दुसरा डोंगा पाह्य बावा. अन् तुह्या आजीले सांगतो, मिरच्या मीच खुडतो. मंग ते मनन, बुढ्याले पोरीनं नादी लावलं. मनू दे. मी मननार... थांब, तिकडे पानी उसळलं. चिमटा सुटला काय गे?

शकुन : मघाच सुटला. तुमचं बोलनं चालू होतं, मनून मी एकटीच ओढून राहिली.