नाल्यातला पंजा

ॲपच्या गोष्टी निघाल्याच आहेत तं माह्यी ऐका. शाळेसाठी एकच एआय ॲप ठरवाचं होतं. माह्या फोनात एक, प्रकाश सरांच्या फोनात दुसरं, आणि कोणतं चांगलं यावर आमचा रोजचा वाद. त्या सकाळी जंगलातल्या पायवाटेनं आम्ही दोघं शाळेत चाललो होतो, संग खिचडी शिजवणारी शांताबाई. नाल्याच्या चिखलात मोठ्ठा पंजा उमटलेला दिसला. नेटवर्कही नेमकं तिथंच मिळते.

प्रकाश म्हणे, "घ्या, हीच परीक्षा!"

दोघायनंही फोटो काढून विचारलं. त्याचं ॲप म्हणे बिबट, माह्यं म्हणे वाघ.

"तुम्ही जवळून काढला," तो चिडला. "असं नाई चालत. एकच फोटो, एकच प्रश्न पाह्यजे."

मीही पेटलो. पंज्याजवळ मापासाठी काडीपेटी ठेवली, एकच फोटो दोन्ही ॲपले दिला, प्रश्नही शब्दाले शब्द सारखा. आता त्याचं वाघ म्हणे, माह्यं बिबट!

"पुन्हा एकदा," म्हणून मी वाकलो, तं शांताबाईनं दंड धरून मागं ओढलं. आवाज एकदम बारीक.

"मास्तर, कोण गेलं ते मंग पाहा. कवा गेलं ते विचारलं का? पंज्यातलं पाणी अजून गढूळ आहे."

पलीकडच्या बांबूत काहीतरी कडकन मोडलं.

आधी उलट्या पावलानं, मंग पळतच आम्ही गावात आलो. धापा टाकत प्रकाश म्हणे, "पण बरोबर कोणाचं होतं?"

शांताबाई म्हणे, "बरोबर असो का चूक, पळावं तं आपल्यालेच लागलं ना!"