जुळणी

अहो, पुसून परत टाकतो म्हणजे काय? हात काढा आधी माऊसवरून. ही रक्तपेढी आहे, तुमच्या भाच्याचा गेम खेळायचा कॉम्प्युटर नाही — अडलं की पुसलं, पुसलं की टाकलं! वर प्रसूतीच्या वॉर्डात एक बाई सकाळी बाळंत झालीये, मुलगी झाली, मुलगी ठणठणीत आहे, आणि आईचं रक्त काही केल्या थांबत नाहीये. गट इतका दुर्मीळ, की आमच्याकडे एकच पिशवी होती, ती लावली. बाकीच्या पेढ्यांना फोन करून झाले, सगळीकडून तेच — नाही, आमच्याकडे नाही. आता त्या गटाची माणसं कोण, त्यांचे फोन काय, हे सगळं या डबड्यात आहे, आणि डबडं उघडलं की गोठतं. कळलं? मग पुसायचं नाही. दुरुस्त करायचं.

काल संध्याकाळपर्यंत चालत होतं — म्हणजे तुमची माणसं येऊन प्रोग्रॅमला ते नवीन अ‍ॅड-इन, ते जास्तीचं शेपूट, जोडून जाईपर्यंत. काय तर म्हणे दात्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा जातील, आपोआप. शुभेच्छा! मला विचारलं कुणी? आमचं जुनं अ‍ॅड-इन होतं ना गुण्यागोविंदानं — 'जुळणी' म्हणतो आम्ही त्याला — गट टाकला की यादी येते, नुकतंच रक्त दिलेले वगळून. तेवढंच लागतं आम्हाला. पण मुख्य कार्यालयातल्या साहेबांना हौस, आणि निस्तरायचं आम्ही.

काय? सगळीच अ‍ॅड-इन बंद करून बघायचं? बघा. हं — उघडला प्रोग्रॅम. उघडला, पण मोकळा! दात्यांची यादी सर्व्हरवरून आणते जुळणी, तीच बंद केलीत, आता काय टेबलखुर्च्यांची यादी बघू? एकेक चालू करून बघणार. एकेक! भाजी निवडायला बसलात का हो? — बरं, बरं. करा. मी बोलत नाही.

थांबा, वरचा फोन. — हो डॉक्टर. नाही, अजून नाही. बसलाय ना माणूस, करतोय. हो, कळतंय मला, दर वेळी सांगायला नको! — ठेवला. मलाच विचारतात, इतकी वर्षं इथं आहात, एकही नंबर पाठ नाही का? पाठ म्हणे! पाठ आहे की. म्हणजे — एक आहे. एकच.

माझ्याकडे काय बघताय? स्क्रीनकडे बघा.

तुमच्या मनात काय आलं ते कळलं मला. नंबर पाठ आहे तर ही बाई फोन का करत नाही, माझ्यावर का खेकसतेय. एका माणसावर विसंबून चालत नाही, म्हणून. यादी बघायची, सगळ्यांना लावायचे, ही पद्धत आहे. आणि तो नंबर — बहिणीचा आहे. धाकटीचा. माझा नाही हो तो गट, माझा साधाच. तिचा आणि बाबांचा होता. बाबांचं ऑपरेशन होतं तेव्हा पहाटेच फोन केला होता तिला — ये, रक्त लागेल. निघते म्हणाली. आणि आली कधी? दुपार कलल्यावर. बाबा गेले होते तोवर. इस्त्रीच्या कपड्यांत आली, केस चापूनचोपून, आणि मला सांगते बस चुकली. बस! मुलाखतीला गेली होती. नंतर कळलं मला, दुसऱ्याकडून. नोकरीही लागली तिला. तसं डॉक्टर म्हणाले होते, रक्त वेळेवर आलं असतं तरी — जाऊ दे, म्हणतात डॉक्टर तसं. तेव्हापासून बोलत नाही मी. आईकडे ती सकाळी जाते, मी संध्याकाळी. आईच बिचारी दोनदा चहा करते.

इथं नाव नोंदवलंय तिनं, दाता म्हणून. मी रजेवर असले की येऊन रक्त देऊन जाते. मला टेक्निशियन बाईंनी सांगितलं — खूप हसतमुख आहे हो तुमची बहीण. असेल.

फोन करा ना म्हणे! तुम्हाला काय जातंय सांगायला? येणार नाही याची भीती नाहीये मला, समजलं? येईल, याची आहे. परक्या बाईसाठी ती हातातलं काम टाकून धावत येईल, ठाऊक आहे मला — आणि मग बाबांचं काय? मग मी इतकी वर्षं — तुम्ही तुमचं काम करा हो! कुणी सांगितलंय मध्ये बोलायला?

काय म्हणालात? शुभेच्छावालं एकटं चालतं. आणि जुळणी? तीही एकटी चालते? मग भांडण कशाचं? — प्रोग्रॅम उघडला रे उघडला की दोन्ही एकदमच त्या यादीवर जाऊन पडतात, आणि कुणीच सोडत नाही. असं होय. मग काढा शुभेच्छा. साहेबांना विचारावं लागेल? विचारा की, चला माझ्याबरोबर वर, त्या बाईच्या नवऱ्यासमोर उभं राहून विचारा साहेबांना. — काढलंत? बरं झालं.

आली यादी. सरका. दोनच नावं. हे ट्रकवाले काका, लावते. — हॅलो, रक्तपेढीतून. काका आहेत का? — गाडी घेऊन गेलेत? कधी येतील? — परवा. बरं वहिनी, ठेवते.

दुसरं नाव वाचलंत ना? वाचलंत. माझ्या छातीवरच्या पट्टीकडे बघायची गरज नाही, आडनाव तेच आहे.

लावतेय. लावतेय हो, एक आकडा चुकला, परत लावते.

हॅलो. रक्तपेढीतून बोलतेय. — हो. मीच. — आई बरी आहे, आईचं काही नाही. एक बाळंतीण आहे, तिला तुझा गट लागतोय. बाबांचा. — नाही, ओळखीची नाही, कुणी परकीच. आत्ता. — हं. — हं. — नाही अजून. — हो, खाते.

निघाली. फोन न ठेवताच निघाली, चपला वाजत होत्या जिन्यावर. कुणाला तरी ओरडून सांगत होती, माझं बघ गं जरा, मी जातेय.

काय बोलली म्हणजे? तुम्हाला कशाला? — दात्याला आम्ही विचारतो, पोटात काही आहे ना, उपाशी येऊ नका. नेहमीचा प्रश्न आहे तो, मीच विचारायचा. मी तोंड उघडायच्या आत तिनंच विचारलं. ताई, तू जेवलीस का?

झालं ना तुमचं काम? मग उठा. माझी खुर्ची आहे ती. आणि दार ओढून घ्या जाताना — नाही, राहू दे. उघडंच ठेवा.