‘चरवी’चा मेनू

...आणि वर मलाच म्हणतात, "सम्राट, मेनू जरा सोपा करायचास की रे!" सोपा? अहो, अजून सोपा म्हणजे काय करू? एकेकाचं बोट धरून स्क्रीनवर टेकवू? दोन हजार आठ साल चाललंय, गावात ब्रॉडबँड आलंय, आणि माणसांचा प्रश्न एकच, "कुठं दाबू?" जाऊ दे... नाही, जाऊ दे कसं? ऐकाच तुम्ही.

‘चरवी’ म्हणजे आमचं सॉफ्टवेअर. डेअरीत दूध घातलं की फॅट किती लागलं, दर किती बसला, ते मांडणारं. फुकट, आणि नुसतं फुकट नाही, मुक्त! आतला हिशेब कसा होतो ते कुणीही उघडून बघावं, चुकत असेल तर दुरुस्त करावं. नाहीतर ते कंपनीचं सीलबंद खोकं! ते म्हणेल तो आकडा! म्हैस आपली, दूध आपलं, आणि हिशेब दुसऱ्याच्या पोटात? मी असा सुरू झालो की गौतमी म्हणते, "भाषण पुरे. आधी मेनू लाव."

गौतमी दौंडची, मी शिरूरचा, ‘चरवी’ दोघांची. साइट आम्ही सीएमएसवर उभी केली. म्हणजे पानं लिहायची आणि कुठलं पान कुठल्या नावाखाली, ते माउसनं ओढून लावायचं. सोपं वाटतं ना? महिनाभर भांडलो! ती दौंडातून ‘मदत’ वर नेणार, मी शिरूरातून खाली आणणार. ती ‘आमची भूमिका’ उडवणार, मी परत घालणार. "अरे, भूमिका वाचायला कोण येणारे?" "मग काय, नुसतं डाउनलोड करून पळणार?" "हो!!" शेवटी चार नावं उरली. मुख्य पान, डाउनलोड, मदत, संपर्क. भूमिका गेली. पण म्हटलं, आता अडकायला जागाच ठेवली नाही!

तेवढ्यात न्हावऱ्याच्या डेअरीचे चेअरमन सर्जेराव तात्या म्हणाले, "सोमवारी कंपनीचा माणूस खोकं घिऊन येतोय. त्याच्या आधी तुझं बघतो. पर आमचं आम्ही उतरवून घेणार. तू नुसतं बसायचं, बोलायचं न्हाई. जमलं तर तुझं, न्हाईतर खोकं. उद्या तू गेलास पुण्याला नोकरीला, मग आम्ही कुणाच्या तोंडाकडं बघायचं?" आता हेच तर माझं तत्त्व! कुणावर अवलंबून राहायचं नाही! मी छाती फुगवून हो म्हणालो.

तर डेअरीचं ऑफिस. खुर्चीत तात्या, शेजारी सेक्रेटरी हनुमंत, मागं दूध घालून झालेल्या जाईबाई रिकामी किटली घेऊन. मी कोपऱ्यात, तोंडाला कुलूप. न्हावरं हातचं गेलं की मागोमाग केंदूरची डेअरी जाणार, की ‘चरवी’ पालथीच! साइट उघडली. वर मेनू, ठळक, चार नावं. तात्यांनी तिकडं बघितलंसुद्धा नाही. मान वळवली.

"हनुमंता, कुठं दाबू?"

"जाईअक्का, तुमची सून करती न्हवं कंप्युटर? ती कुठं दाबती?"

"मला काय म्हाईत? हितं-तितं दाबतीया दिसभर!"

अहो, वाचा ना! लिहिलंय वर! तात्या रोजचा पेपर टेंडर नोटिशीसकट वाचतात, तुम्हाला सांगतो. पण मेनू? छे! एसटी स्टँडवर बघा तुम्ही. हातभर अक्षरात ‘दौंड’ लिहिलेलं असतं, आणि बरोब्बर त्याच्याखाली उभा राहून माणूस विचारतो, "दौंडची गाडी हितंच लागती का?" मी एकदा तात्यांना विचारलं, असं का? म्हणाले, "पाटी चुकली तर पाटीला काय करशील? माणूस चुकला तर त्याची गचांडी धरता येती!"

आता बोला!

तात्यांनी पानावरच्या चित्रातल्या म्हशीवर दाबलं. काही नाही. शिंगावर दाबलं. काही नाही. "मेली काय ही?" मी ओठ आवळले, मुठी आवळल्या... हनुमंत म्हणाला, "खोकं बरं राव, त्याला येकच बटन असतंय." संपलं, म्हटलं. एवढं सगळं एका म्हशीच्या शिंगावर संपलं!

आणि चुकून ‘संपर्क’ दाबला गेला. हनुमंतानं चक्क वाचलं! "अडचण आल्यास फोन करावा." त्यानं टेबलावरचा फोन ओढला, नंबर फिरवला... आणि माझा खिसा वाजायला लागला.

सगळे माझ्याकडं. मी तात्यांकडं. कुलूप काढू की नको?

"उचल की!" तात्या म्हणाले. "कोपऱ्यातल्यानं बोलायचं न्हाई. फोनवरच्यानं बोलावं. साइटीवर लिवलंय न्हवं? मग आम्ही साइटच वापरतोय!"

मी फोन कानाला लावला. समोरून, अहो, हाताच्या अंतरावरून हनुमंत ओरडला, "हॅलो, कोण बोलतंय?"

"च... चरवी मदत केंद्र."

"आवाज येत न्हाई!"

"वर बघा! दुसरं नाव! डाउनलोड!"

"व्हय, दिसलं. आता कुठं दाबू?"

"त्याच्यावरच!!"

दाबलं. उतरलं. तात्यांनी मांडीवर थाप मारली. "काय सोपी साइट हाय राव!" ठराव पास, खोकं परत!

मग केंदूर आलं, मग आणखी गावं आली. आणि सगळी, न चुकता, ‘संपर्क’वर! कुठं दाबू, कुठं दाबू! गौतमी शांतपणे म्हणाली, "लोक जिकडून चालतात तिकडं वाट करायची असते." आणि मला न विचारता तिनं मेनू नव्यानं लावला. आता वर एकच नाव आहे. ‘सम्राट’! माउस नेला की खाली तीन नावं उघडतात, सकाळी, दुपारी, संध्याकाळी. आणि पानाच्या मधोमध डाउनलोडचं परातीएवढं हिरवं बटण. सकाळ-संध्याकाळ माझा मोबाइल. दुपारी मी क्लास घेतो, म्हणून घरचा नंबर. तिथं आई असते. आईनं जन्मात माउसला हात लावलेला नाही. तिला एकच वाक्य पाठ आहे, "हिरवं दाबा बाबा, आन् उतरंपतुर चहा घ्या."

तुम्हाला सांगतो, तक्रारी येतात त्या फक्त सकाळच्या आणि संध्याकाळच्या!