‘पी’ नसलेलं पिस्तूल

(स्वित्झर्लंडच्या एमेंटाल भागातलं एक खेडं, रविवारची सकाळ. नेमबाजी मंडळाचं नोंदणीचं टेबल. स्पर्धेत फक्त जुनी लष्करी पिस्तुलं चालतात. ती तपासतोय हान्सुएली. समोर त्याची शाळेतली मैत्रीण रेगुला.)

रेगुला : भिंग लावून किती बघशील? पिस्तूल आहे ते, पोपट नाही. बोलणार नाही.

हान्सुएली : बोलतं. ढालीतला क्रॉस दिसला, पण तो दुकानातून घेतलेल्यांवरही असतो. मला लष्करी तपासनिसाचा ठसा हवा. नसेल तर घरी जा.

रेगुला : यंदा पहिल्यांदा बायकांना घेताय, आणि पहिलीलाच घरी? बाबांच्या या पिस्तुलावर चार महिने सराव केलाय मी. बारांच्या आवाजाने गाई आटल्या माझ्या!

हान्सुएली : थांब! हलू नकोस!

रेगुला : मी कुठे हलतेय? पिस्तूल तुझ्या हातात आहे.

हान्सुएली : सापडला! बारीक क्रॉस, खाली अक्षर! अगं, काय सुबक ठोकलाय! असा ठसा मी फक्त पुस्तकात पाहिला होता!

रेगुला : म्हणजे मी खेळणार! आण इकडे माझ्या जागेचा नंबर!

हान्सुएली : एक मिनिट. ‘पी’ कुठाय?

रेगुला : कसला पी?

हान्सुएली : सेवा संपली की पिस्तूल परत करायचं, नाहीतर लष्कर ते शिपायालाच देऊन टाकतं. तेव्हा त्यावर ‘पी’ ठोकतात, ‘प्रायव्हेट’, खासगी झालं म्हणून. इथे तो नाही. रेगुला, तुझ्या वडिलांनी हे परत केलंच नाही! हे अजून लष्कराचं आहे! मला कळवायला लागेल.

रेगुला : कळव की. ही बाबांची सेवा-पुस्तिका. वाच मोठ्याने.

हान्सुएली : ‘पिस्तूल जमा झाले.’ एकोणीसशे अठ्ठावन्न. सही...

रेगुला : का थांबलास? पोपट झाला का तुझाच?

हान्सुएली : सही माझ्या बाबांची आहे.

रेगुला : गावातली लष्करी नोंद ठेवणारे अधिकारी होते ना ते. शिस्तीचे. तुझ्यासारखेच.

हान्सुएली : बाबांनी आयुष्यात खोटं लिहिलं नाही!

रेगुला : एकदाच लिहिलं. अक्षर मात्र सुरेख आहे. हे बघ, आपले नियम काय म्हणतात? तपासनिसाचा ठसा हवा. ‘पी’ हवा असं लिहिलंय?

हान्सुएली : ...नाही. कुणाला सुचलंच नाही.

रेगुला : मग?

हान्सुएली : मग ‘मालक’च्या रकान्यात काय लिहू?

रेगुला : खरं लिही. स्वित्झर्लंडचं लष्कर.

हान्सुएली : आणि त्यांनी विचारलं तर?

रेगुला : सांग, तेल आम्ही घालतोय. पिस्तूल ठणठणीत आहे, काळजी नसावी.

हान्सुएली : ...लिहिलं. जागा क्रमांक तीन. पळ, दहा वाजत आले.

रेगुला : हान्सुएली, तू पण आज खेळतोयस ना? हरलास तर रडायचं नाही.

हान्सुएली : रेगी, ऐक. तुझ्या बाबांच्या पिस्तुलाचा पहिला बार जरा वर जातो. माझे बाबा सांगायचे. त्यांना कसं माहीत, ते आज कळलं.