एका ‘जी’ची रेकॉर्ड

…आन वर मलाच म्हणत्यात कसं, “अगं, एका ‘जी’साठी आख्खी रेकॉर्ड जपून ठिवायची व्हय?” आता तुमीच सांगा, माणसानं बैल इकावा, बाज इकावी, पर बायकोचा बाप इकावा का? इकला वो, माझा बाप इकला या माणसानं!

तुमाला सांगते, आमच्या मालकांचा धंदा लाउडस्पीकरचा. बेंबळीत लगीन असू द्या, बारसं असू द्या, लिंबावर कर्णा बांधायचा आन खाली बसून रेकॉर्डी लावायच्या. दुष्काळात लग्नंच होईनात, तवा कर्ण्यात चिमणीनं घरटं केलं आन आमी दोघं खडी फोडाया गेलो… ते जाऊ द्या. दुष्काळ सरला, गावात दूध सोसायटी निघाली, तिच्या उद्घाटनाला चेअरमनला पायजेत शिनेमाची नवी गाणी. मग काय, ह्यांनी घरातल्या जुन्या रेकॉर्डी पोत्यात भरल्या, नळदुर्गाच्या वीरप्पाच्या दुकानात ओतल्या आन एक नवी घेऊन आले. जुन्या द्या, नवी न्या, असा त्या दुकानाचा रिवाज. त्या पोत्यात माझा बाप!

व्हय, बापच. माझा बा, अणदूरचा श्रीपती, तरणा असताना एका शाहिराच्या मागं झील धरायचा. म्हंजी शाहीर गाणार आन ह्यानं मागनं “जी जी” म्हणायचं. त्या शाहिराचा किल्ल्याच्या लढाईचा पोवाडा मुंबईला रेकॉर्ड झाला. तिथं खोलीत लाल दिवा लागला, बा बिचकला, आन समद्यांच्या आधी एकट्यानंच “जी” टाकून मोकळा झाला. कंपनीनं बी तसंच छापलं! तवापास्नं अणदुरात त्याला रेकॉर्डवाला म्हणत्यात. आन आता नातीच्या, म्हंजी माझ्या लेकीच्या लग्नाला येताना भाऊबंदांना सांगून बसला की चला बेंबळीला, कर्ण्यातनं मला ऐका. लगीन उद्यावर आलेलं, रेकॉर्ड काढाया गेले तर बाप इकलेला!

पदर खोचला, नवी रेकॉर्ड काखंत मारली आन धरली यष्टी. वीरप्पा एक रेडिओ उचकटून बसला होता. म्हणाला, हुडका अक्का, ह्यो काय ढीग पडलाय. म्या चौथी पास हाय, वाचता येतं मला. पर वाचू काय? मधला कागद उंदरानं खाल्लेला! सगळ्या काळ्या, सगळ्या गोल. म्हणलं, लाव बाबा एकेक. तर म्हणतो, जुन्या मालाला ऐकायचा रिवाज न्हाय, आधी घ्यायची, मग ऐकायची.

म्हणलं, “नवरा तसाच घेतला, न बघता. रेकॉर्ड तरी ऐकून घेऊ दे.”

लावल्या त्यानं. पोवाड्यामागनं पोवाडा, आन समद्यांचे “जी” कसे, प्रार्थनेला उभ्या केलेल्या पोरांवाणी एका रांगंत. शेजारच्या धाब्यावरचे ट्रकवाले चहाचे गिलास घेऊन दारात जमले, त्यातला एक पंजाबी डायवर तर सोताच झील धरू लागला. आता बाप हुडकू का ह्याला गप करू? आन मग एक लागली… डफ वाजला, शाहिरानं दम घेतला, आन कुणी बोलावलं नसताना मधीच… “जी!”

“ह्यो माझा बाप,” म्या म्हणलं.

वीरप्पानं कपाळाला हात लावला. “अक्का, हीच तर बिघडलेली. दोन डाव इकली, दोन डाव परत आली. गिऱ्हाईक म्हणतंय, सुई उडती.”

“सुई न्हाय उडत, माझा बाप उडतो. ही नवी घे, आन त्याला दे.”

दुसऱ्या दिशी लिंबावर कर्णा, खाली जाजमावर आख्खी अणदूरची भावकी, आन मधी बा, फेटा बांधून, फोटो काढाया बसल्यासारखा ताठ. आमचे मालक तर ज्याला त्याला सांगत सुटलेले, ऐका, माझ्या सासऱ्याचा आवाज. म्हैन्यामागं बाप इकणारा माणूस! सुई टेकली. डफ… दम… “जी!” अणदूरकरांनी टोप्या उडवल्या, वऱ्हाडी नवरदेवाला सोडून माझ्या बापाकडं धावले.

शाहीर पुढं गाऊ लागला, तर बा म्हणतो, “जावईबापू, उचला सुई. आता पुढं काय ऱ्हायलंय त्यात? पहिल्यापास्नं लावा.”

दिसभर तेच वो. अक्षता पडल्या, “जी”. पंगती उठल्या, “जी”. लेक गाडीत बसून रडाया लागली, तवा बी “जी”. आन तवापास्नं कुणाचं बी लगीन असू द्या, बा अणदुरावनं हजर, आन तेवढ्यापुरतीच रेकॉर्ड लागती. आता त्या लढाईत किल्ला ऱ्हायला का पडला, ते आख्ख्या बेंबळीत कुणाला ठावं न्हाय. पडला आसंल तर पडू द्या.