ताराची पट्टी साफ निघाली होती

मंडळी, आयाबहिणींनो, बसा जी. मी ताराचा मोठा भाऊ, साकोलीचा. बहिणीच्या फोटोसमोर बोलायचं म्हणजे रडू येते. पण खरं सांगू? रडण्याहून जास्त मले किळस येऊन राहिली.

माझ्याआधी जे बोलले, ते म्हणाले तारा मनमिळाऊ होती, कष्टाळू होती, अचानक गेली. अचानक? अहो, किती दिवसांपासून तिची छाती धडधडत होती. डोळ्यांसमोर अंधारी येत होती. चुलीजवळ पडत होती, तुमच्यासमोर पडत होती. तवा तुम्ही काय म्हणत होते? नाटक. धानाचा रोवणा आला का हिले चक्कर येते. हेच म्हणत होते ना? आज त्याच तोंडानं मनमिळाऊ म्हणता.

साकोलीत डॉक्टरांकडे हृदयाचे ठोके कागदावर काढायची मशीन आली, तवा मीच म्हटलं, आणा तिले. पण आणली कशी? पडली का घरी निजवायची. तब्येत सुधरली का मंग आंघोळ, धुतलेलं लुगडं, मंग एस.टी. बाई चांगली झाल्यावर तिले दवाखान्यात न्यायचं, ही आपली रीत.

डॉक्टरांनी हातापायांले चिमटे लावले, छातीवर रबराच्या वाट्या. मशीनीतून कागदाची पट्टी निघाली, साफ. मी तिथंच उभा होतो. डॉक्टर जवायांले, ताराच्या नवऱ्याले, म्हणाले, "ही पट्टी फक्त आत्ताची आहे. ठोके अधूनमधून बिघडत असतील, तर ते हिच्यात कसे दिसणार? त्रास चालू असताना आणा. आहे तशी उचलून आणा."

जवायांनी काय ऐकलं? पट्टी साफ. ती खिशात घालून ते पानठेल्यावर गेले. जो भेटला त्याले दाखवली. ताराची सासू दारात उभी राहून सांगे, "मशीननंच सांगतलं जी, हिले काही नाही." बिमार बाईचा कागद गावभर फिरवला. शी. मी येऊन डॉक्टरांचं बोलणं सांगतलं, तर जवाई हसले. म्हणाले, "भाऊ, तुम्ही तर बहिणीचीच बाजू घेणार."

मंग यंदाच्या रोवण्यात तारा धानाच्या बांधीतच बसली. हातात लावायचे पऱ्हे होते. म्हणाली, "मले दवाखान्यात न्या, छाती उडून राहिली." सडकेवर जीप उभी होती. उचललं कोणी? तिले बांधीच्या कडेले धुऱ्यावर निजवलं अन् रोवणा चालू ठेवला. पाणी घेऊन गेले, तवा ती गेलेली होती.

जवाई, मान वर करा. मी भांडायले नाही आलो. शोभासाठी आलो. ताराची पोरगी, माझी भाची. काल ती विहिरीवर पडली. छाती धडधडते म्हणते. अन् तिथली एक बाई काय म्हणाली? "आईचे गुण उचलले पोरीनं." अजून आईची तेरवी नाही झाली, मंडळी.

उद्या मी तिले नागपूरले नेऊन राहिलो. तिथं एक मशीन कमरेले बांधून देतात. दिवसभर, रातभर ठोके टिपत राहते. कधी बिघडले, तर त्याच घडीले सापडते. त्यात काय निघते ते निघो. पण काही निघालं नाही, तरी माझ्या भाचीले नाटकी म्हणायचं नाही. पडली का उचलायचं. एवढंच मागतो.

आता तारासाठी दोन मिनिटं उभे राहा. सगळे. जवाई, तुम्ही पण.

शोभा, तू बसून राय बाई. तुले कोणी काही म्हणत नाही.