नागपंचमी स्पेशल, तीनचा खेळ

—नाही, ती पेटी नको उघडू पोरी, झाकण तसंच राहू दे. बस इथं बाकड्यावर. तीनले खेळ हाये ना तुहा, आता कुठं सव्वादोन होऊन राह्यले. मी सहदेव, सगळे काकाच म्हणतात. पिंजरे धुतो, पाणी भरतो, साप मेला तर खड्डाबी मीच खणतो — बारा वर्षं झाली, हे सर्पोद्यान उघडलं तवापासून. तुहं नाव वाचलं म्या, फाटकावर एवढाल्या अक्षरात लावलं हाये — 'सर्पमैत्रीण धम्मशीला, नागपंचमी स्पेशल, फक्त तीन दिवस' — फोटोबी चांगला आला. आन् खाली काय लिहिलं, पाह्यलं? दोन तिकिटांवर एक लेकरू फुकट. आमच्या राजकुमारभौचं डोकं असंच चालते — मालक हायेत ते, मी नाव नाही ठेवत त्यायले — उन्हाळ्यात सुट्टीचा मेळा, दिवाळीत अजगर गळ्यात घालून फोटो, हिवाळ्यात साप गारठून पडून राह्यतात, माणूस फिरकत नाही, तवा जोडप्यायले अर्धं तिकीट. पण खरी गर्दी ही. शेगावचं दर्शन झालं की खामगावच्या रस्त्यानं सारी मंडळी याच फाट्यावर उतरते.

काऊन पाहून राह्यली तशी? मांगच्या वर्षीचं इचारतं का? कोण सांगितलं तुले, तिकिटाच्या खिडकीतल्या बाईनं? तिले काय माहीत, ती तर यंदा लागली. बरं, ऐकलंच हाये तर नीट तरी ऐक.

देवानंद नाव त्याचं. लोणारकडचा, सत्तावीस वर्षांचा, तुह्यासारखाच — गावोगाव साप धरायचा आन् रानात नेऊन सोडायचा. फण्याले मुका घेणं, गळ्यात गुंडाळणं, असले चाळे नाही करायचा. हात जोडून सांगायचा लोकायले, बाप्पाहो, नाग दूध पीत नाही, त्याले दूध पाजून मारू नका. लोक ऐकत, आन् मंग दूध घेऊन येतच. त्या दिवशी सकाळी त्यानं ही पेटी उघडली आन् मले हाक मारली — काका, याचे डोळे पाहा. पाह्यलं तर दुधाळ, पार धुकं चढल्यावानी. तुले काय सांगायचं, तुले माहीतच हाये — कात टाकायच्या आधी त्याले नीट दिसत नाही, तो भेते, सावली हलली तरी मारते. देवानंद गेला भौकडं. म्हणे, आज हा नको, धामण दाखवतो. भौ म्हणे, धामण पाहाले कोण येते बे, फाटकावर नाग छापला हाये. देवानंद तसाच वापस फिरला. जाता जाता मले एवढंच इचारलं त्यानं — काका, बाटल्या ठीक हायेत ना? म्या म्हटलं, हाव.

बाटल्या म्हणजे इषावरच्या औषधाच्या. पातळ औषध ते, थंडच ठेवा लागते. फाट्यावरच्या डॉक्टरनं आधीच सांगून ठेवलं होतं, माह्याजवळ नसते, कोणाले डसलं तर बाटल्या संगं घेऊन या. म्हणून इथं फ्रीजमधी ठेवत होतो.

खेळ तीनचाच. गर्दी इतकी की कठड्याले माणसं लटकलेली. नाग फणा काढून, देवानंद त्याच्या समोर उकिडवा, सांगून राह्यला लोकायले. तेवढ्यात एका म्हाताऱ्या बाईनं हात जोडले आन् मूठभर लाह्या फेकल्या — देवच समजून फेकल्या तिनं, तिचा काय दोष. नाग देवानंदच्या मनगटावर डसला. रक्त नाही, काही नाही, दोन टिपके. लोकायनं टाळ्या वाजवल्या, त्यायले वाटलं खेळच हाये. देवानंदनं सोताच्या हातानं नाग पेटीत घातला, झाकण लावलं, कडी लावली, आन् मंग खाली बसला. म्हणे, काका, बाटल्या. मी पळत गेलो, खिडकीतून बाटल्या काढल्या —

खिडकीतून म्हणलो का मी? फ्रीजमधून. म्हणजे फ्रीज तर — हे पाह्य, मांगच्या वर्षी तिकिटावर कुल्फी फुकट होती. कुल्फीची मोठी, लाइटवर चालणारी पेटी आली चार दिवस आधी, आन् फ्रीजच्या खोलीत पिन लावाले बोर्ड एकच. भौ म्हणे, सहदेव, पेटी लाव. म्या फ्रीजची पिन काढली, पेटी लावली. बाटल्या खिडकीत ठेवल्या, वर ओलं फडकं टाकलं. पहिल्या दिवशी दोनदा भिजवलं फडकं. मंग कामात राह्यलं. वर पत्रा, श्रावणातलं ऊन कसं चटकते तुले माहीत हाये. भौनं बाटल्या काढ नव्हतं म्हटलं. पेटी लाव म्हणले. त्या म्या काढल्या. आन् सकाळी देवानंदनं इचारलं तवा म्या हाव म्हटलं — कुल्फीवर लेकरायची झुंबड उडाली होती, आता कुठं कुल्फीची पिन काढून फ्रीज लावा, म्हटलं आजचा दिवस निघून जाईन.

फाट्यावरच्या डॉक्टरनं बाटली उजेडात धरली. आत गढूळ झालेलं. टेबलावर ठेवून देल्ली त्यानं, म्हणे, हे नाही देता येत, मोठ्या दवाखान्यात न्या, लवकर न्या. गाडीत माह्या मांडीवर डोकं होतं त्याचं. पापण्या उघडत नव्हत्या, बोटानं उचलून पाहे माह्याकडं. बोलणं जड झालं, तरी जीभ हलवून राह्यला होता. काय म्हणत होता ते मले समजलं नाही. समजलं असतं तरी म्या काय सांगितलं असतं? अर्ध्या वाटेत छाती हलायची थांबली.

साऱ्यायले सांगितलं, फ्रीज बिघडला होता. भौनं सांगितलं, म्या मान हलवली. आठ-दहा दिवसांनी त्याची बायको आली, समता, कपडे न्याले. इथंच बसली, तू बसली ना, तिथंच. म्हणे, काका, फ्रीज खरंच बंद पडला होता का? म्या म्हटलं, हाव माय, लाइटचा काही भरवसा नाही इकडं. तर ती म्हणे, तुमच्या मांडीवर गेला, एकटा नाही गेला, एवढं बरं झालं. आन् पाया पडली माह्या. मी उभाच राह्यलो. हे म्या कोणाले सांगितलं नव्हतं. तुले काऊन सांगून राह्यलो, मलेच कळत नाही.

हाव, हाच तो नाग. पेटीबी हीच. आठ दिवस झाले, काही खाल्लं नाही त्यानं, कात टाकायच्या आधी असंच करते. डोळे? म्या नाही पाह्यले. खरं सांगतो, झाकण उचलायची हिंमत नाही झाली. आन् यंदाच्या बाटल्या — भौ म्हणतात आणल्या. असतीन. त्या खोलीत मी तवापासून पाय नाही टाकला. तुले जायाचं असन तर मांगचं फाटक उघडं हाये, रस्त्यावर उभी राह्यली की एसटी भेटन. मी सांगतो भौले, पोरीले ताप भरला.

हे ऐक, भोंग्यावर तुहं नाव पुकारून राह्यले.

काय पाह्यजे? त्या खोलीची चावी? चावी हाये माह्याजवळ, पण तुले कायले — बरं. घे. डाव्या हाताची खोली, कुलूप जरा अडकते, वर उचलून फिरवजो. मी नाही येत. काय दिसन ते पाह्य आन् तुहं तूच ठरव, मले येऊन सांगू नको. जा.